जाहिरातीतली आई

मालविका केतकरच्या तोंडावर पहिला पांढरा ठिपका उमटला तो धाकट्या ओजसच्या जन्मानंतर, वरच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात. दूध लागलं असेल असं समजून नवऱ्यानं, शशिधरनं, तो अंगठ्यानं पुसायला घेतला होता. वर्षभरात गालावर दोन, पापणीवर एक, हनुवटीखाली लांबट असा आणखी एक डाग आला. जर्मनीत, ड्रेस्डेनच्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं की याला व्हिटिलिगो म्हणतात आणि यानं जिवाला काही होत नाही. मालविका मूळची सांगलीची. तिच्या गावात याला कोड म्हणतात, आणि यानं जिवाला काय काय होतं हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. त्यांच्या शेजारच्या कुसुममावशी शिकलेल्या, गळा गोड, पण हळदीकुंकवाला कुणाच्या घरी गेल्या की त्यांच्यासाठी वाटी वेगळी निघायची.

पहिली दोन-तीन वर्षं मालविकानं आपल्या रंगाला जुळणारं क्रीम लावून काढली. पण तिची नोकरी शहराच्या उत्तरेला चिप बनवणाऱ्या कारखान्यात होती, तीही क्लीनरूममध्ये. तिथं डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवावा लागे आणि तोंडाला काहीही फासायला सक्त मनाई, कारण पावडरीचा एक कण पडला तरी माल वाया जातो. कामावर पोचलं की रोज ते क्रीम धुवायचं, घरी निघताना पुन्हा थापायचं. एक दिवस तिला याचा कंटाळा आला आणि ती तशीच ट्राममध्ये बसून घरी आली. दुसऱ्या दिवशीही तशीच. लोक बघायचे. लहान मुलं विचारायची, ती सांगायची. बघता बघता तिला आपल्या तोंडाची सवय झाली.

त्या दिवसांत शशिधर तिच्या बाजूनं भिंतीसारखा उभा राहिला होता, हे सांगायला हवं. त्याची आई, सरलाताई, सांगलीहून फोनवर कसली कसली तेलं आणि उपास सुचवायच्या. एकदा त्यानं आईला स्वच्छ सांगितलं, की हा विषय पुन्हा काढलास तर मी फोन उचलणार नाही. मालविका तेव्हा स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. तिनं ते ऐकलं आणि मनात जपून ठेवलं. पुढं नवराबायकोत खटके उडाले तरी त्या एका वाक्याच्या जोरावर ती त्याला पुष्कळ काही माफ करत आली.

शशिधर ब्राउनेक कंपनीत इंजिनियर होता. कंपनी मूळची दक्षिण जर्मनीतल्या फ्रांकेन भागातली, हेर्त्सोगेनआउराखच्या बाजूची. जर्मनी एक झाल्यावर तिनं ड्रेस्डेनबाहेर कारखाना काढला. तीन पिढ्या ती मालवाहू गाड्या करत होती, बेकरीवाल्यांच्या, कुरियरवाल्यांच्या. आता नातू मालक झाला होता. त्याच्या आजोबांनी युद्धानंतर अमेरिकन अंमलात गॅरेज चालवलेलं, आणि तिथं येणाऱ्या लांबरुंद, चकचकीत अमेरिकन गाड्यांचे फोटो त्यांच्या घरी भिंतीवर होते. हरलेला देश पायी चालत असताना त्या गाड्यांमधून अख्खी कुटुंबं हसत जायची, असं आजोबा सांगत. नातवाच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. लोक म्हणत होते गाड्या लहान करा. त्यानं ठरवलं मोठ्या करायच्या. एक नाही, तीन मॉडेलं, सगळी विजेवर चालणारी, सहा, सात आणि नऊ माणसांची. नाव ठेवलं ‘पालास’, म्हणजे जुन्या गढीतलं मुख्य दालन.

पालासच्या आसनांची तिसरी रांग शशिधरकडे आली. मोठ्या गाडीत मागं बसलेल्याला पुढचं बोलणं ऐकू येत नाही, ही त्याची जुनी तक्रार. त्यानं आवाजाचा असा काही बंदोबस्त केला की चालवणारा कुजबुजला तरी शेवटच्या माणसाला ऐकू यावं, आणि शेवटच्याचं चालवणाऱ्याला. मालक स्वतः मागं बसून गेला आणि त्याच्या खांद्यावर थाप मारून गेला. इतकी वर्षं ‘आमचा भारतीय सहकारी’ म्हणून ओळखला जाणारा शशिधर आता ‘हेर केतकर’, म्हणजे केतकरसाहेब, झाला. घरी येऊन तो जेवताना तेच बोलायचा. मालविकाला कौतुक वाटायचं.

मग कंपनीनं ठरवलं की जाहिरातीत नटनट्या नकोत, आपल्याच माणसांची खरी कुटुंबं घ्यायची. सात आसनांच्या गाडीसाठी केतकर कुटुंब निवडलं गेलं. जाहिरातीचं काम फ्राऊ वेंट नावाच्या बाईंकडे होतं. आखूड पांढरे केस आणि कोरडं बोलणं. चाचणीच्या दिवशी एल्बे नदीच्या काठी हिरवळीवर गाडी उभी करून त्यांनी चौघांचे फोटो काढले. मालविकानं मुद्दाम मोरपिशी कुर्ता घातला होता. क्रीम लावायचं का, असं तिनं आदल्या दिवशी शशिधरला विचारलं होतं. तुझ्या मनाला येईल तसं कर, असं तो म्हणाला, आणि तिनं लावलं नव्हतं. फ्राऊ वेंट कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत म्हणाल्या, “गेनाऊ, अगदी असंच. हे तोंड लोक विसरणार नाहीत.” दुपारभर ऊन होतं. ओजस तिच्या मांडीवर बसून गाडीच्या काचेच्या छतातून ढग बघत होता, आणि थोरली, तेरा वर्षांची दियासुद्धा, जी हल्ली आईबरोबर कुठं जायला नाखूष असायची, हसत होती. घरी येताना मालविकानं सगळ्यांना आइस्क्रीम दिलं.

त्यानंतर काही दिवसांनी शशिधर कामावरून आला तो बूट न काढताच बाहेरच्या खोलीत बसला. मालविकानं पाणी दिलं. तो ग्लासाकडे बघत म्हणाला, की त्यांनी लोकांना फोटो दाखवून चाचणी घेतली. लोक गाडीकडे बघत नाहीत, तुझ्याकडे बघतात. तुझ्याऐवजी ते एक नटी घेणार आहेत. मी आणि मुलं तशीच राहणार.

तिला आधी नीट कळलं नाही. मग कळलं. पण समोर नवरा इतका खचलेला दिसत होता की तिनं स्वतःचं बाजूला ठेवलं. “तू नाही म्हणालास तर तुझी रांग दुसऱ्या कुणाला देतील,” ती म्हणाली. “जाऊ दे. जाहिरातच आहे ना.” त्यानं तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तिला वाटलं, याला माझ्याहून जास्त लागलंय. त्या रात्रीच्या भाजीत तिनं त्याला आवडतं म्हणून ओलं खोबरं घातलं.

शूटिंगसाठी मुलांचे कपडे तिनंच इस्त्री करून दिले. ओजसनं विचारलं, फोटोत आई कोण होणार मग? नादीन नावाची एक मावशी आहे, बर्लिनहून येणार, असं तिनं सांगितलं. नादीनचे वडील केरळचे, आई जर्मन. पोरगी वाईट नव्हती. ओजस घरी येऊन सांगायचा की तिला कार्टून्सचे आवाज काढता येतात.

वसंतात फलक लागले. मालविकाच्या ट्रामच्या थांब्यासमोरच एक होता, चार मजली इमारतीच्या उघड्या भिंतीवर. शशिधर गाडीला टेकलेला, दिया दारातून वाकलेली, ओजस नादीनच्या मांडीवर, आणि नादीनच्या अंगात मोरपिशी कुर्ता. खाली जर्मनमध्ये लिहिलेलं, ‘खरी माणसं. खरी जागा.’ रोज सकाळी ट्राम येईपर्यंत ती त्याच्यासमोर उभी राहायची. दुसऱ्या थांब्यावर जाता आलं असतं, पण पळाल्यासारखं होईल म्हणून ती गेली नाही. बरोबर काम करणाऱ्या एकीनं विचारलं, अगं तुझा नवरा आणि मुलं ना ती, मग ती बाई कोण? मालविका म्हणाली, नटी. त्या बाईनं पुढं काही विचारलं नाही. त्यानंतर ती जेवणाच्या सुटीत मालविकाशी जरा जास्तच प्रेमानं बोलू लागली, आणि तेच फार जड गेलं.

एका रविवारी सांगलीचा व्हिडिओ कॉल लागला. सरलाताई नेहमीच्या खुर्चीत होत्या. त्यांच्या डोक्यामागं, जिथं पूर्वी सासऱ्यांचा फोटो असे, तिथं पालासची जाहिरात सोनेरी चौकटीत लावलेली दिसली. मालविकानं फोन जवळ धरला.

“आई, तो फोटो कुणी दिला तुम्हाला?”

“शशीनं पाठवला की. मोठा करून घेतला. येणारेजाणारे बघत बसतात.”

“त्यात मी नाहीये.”

सरलाताईंनी पदर सारखा केला. मालविकाच्या नणंदेच्या मुलीला, मेघनाला, बघायला लोक येत होते. घरात कोड आहे म्हटलं की माणसं चहा न घेता उठतात, हे त्यांनी समजावणीच्या सुरात सांगितलं. “कुणी विचारलं तर मी म्हणते, जर्मनीत औषध लागू पडलं. लांबून कुणाला काय कळतंय? तुझं त्यात काय जातंय, सांग बरं.”

मालविकानं शशिधरकडे पाहिलं. तो बाजूलाच सोफ्यावर होता. तिला वाटलं, आता हा ते जुनं वाक्य बोलेल. तो म्हणाला, “आई म्हातारी झालीये. कशाला वाद?” आणि त्यानं फोन घेऊन तब्येतीचं विचारायला सुरुवात केली.

उद्घाटन मेच्या एका शनिवारी दुपारी झालं. कारखान्याच्या नव्या दालनात तीन गाड्या कापडाखाली झाकलेल्या, पाहुणे, पत्रकार, सेक्टचे, म्हणजे फेसाळ वाइनचे, ग्लास. केतकर कुटुंब मंचावर जायचं होतं, म्हणजे शशिधर, दिया, ओजस आणि नादीन. मालविकाला सहाव्या ओळीत जागा होती. मालकानं आजोबांची आणि त्या अमेरिकन गाड्यांची गोष्ट सांगितली, कापडं सरकली, टाळ्या झाल्या. सातआसनी गाडीतून चौघं उतरले. नादीननं ओजसच्या केसांतून हात फिरवला. शेजारच्या खुर्चीवरचे एक वयस्क गृहस्थ मालविकाला म्हणाले, गोड कुटुंब आहे नाही? ती म्हणाली, हो.

नंतर लोक गाड्यांभोवती गोळा झाले तेव्हा फ्राऊ वेंट तिला शोधत आल्या. त्यांच्या हातात दोन ग्लास होते, एक त्यांनी तिला दिला.

“तुम्ही माघार घेतलीत याचं मला अजून वाईट वाटतं,” त्या म्हणाल्या. “मी तुमच्यासाठी भांडले असते.”

मालविकाला वाटलं आपलं जर्मन कुठंतरी अडखळलं. “मी माघार घेतली?”

“लोक गाडीपेक्षा तुमच्याकडे बघतात, असं चाचणीत आलं होतं खरं. पण मी म्हटलं, बघू देत, मग गाडीही लक्षात राहील. मालकांना पटलं होतं. तर नंतर तुमचे मिस्टर आले. म्हणाले, फोटो बघून तुम्ही घरी रडता, तुम्हाला हे सोसणार नाही, तुम्हीच त्यांना पाठवलंय. मग आम्ही काय करणार? माणसाच्या इच्छेचा मान ठेवायला हवा.” बोलता बोलता त्यांना मालविकाचं तोंड दिसलं असावं. मग म्हणाल्या, “तो कुर्ता तरी बदला, असं मी सुचवलं होतं.”

मालविकानं ग्लास जवळच्या टेबलावर ठेवला आणि मुलांचे कोट आणायला गेली.

घरी जायला कंपनीनं नवी पालास दिली होती. नेहमी शशिधरच्या शेजारी बसणारी मालविका मागचं दार उघडून थेट तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. मधल्या रांगेत मुलं होती. गाडी पुलावर आली तेव्हा ती बोलली. आवाज चढवायची गरजच नव्हती. ती रांगच तशी केलेली होती.

“मी कधी रडले होते, शशी?”

आरशात त्याचे डोळे दिसले आणि परत रस्त्यावर गेले. कुणी सांगितलं, हे त्यानं विचारलं नाही. आधी म्हणाला, तुला वाचवायला केलं. लाखो लोक बघणार, खाली नाही नाही ते लिहिणार, तुला ते झेपलं नसतं. गप्प बसलेल्या माणसाशी खोटं फार वेळ बोलता येत नाही. शेवटी तो म्हणाला, “किती वर्षांनी माझ्या हातून झालेली एक गोष्ट लोक बघणार होते. त्यांनी तीच बघावी, एवढंच मला हवं होतं.”

“आणि माझ्याकडे बघितलं असतं तर?”

“तर गाडी बघितली नसती,” तो म्हणाला. “आणि लोक तुझ्याकडे कसे बघतात ते मला रोज बघावं लागतं. तुला सवय झाली. मला नाही झाली.”

दियानं मान वळवली. आईशी ती नेहमी जर्मनच बोलायची, आताही जर्मनच बोलली. “बाबांनी आधी मला विचारलं होतं,” ती म्हणाली. “मीही हो म्हटलं. शाळेत सगळे बघणार होते.” आवाजात उर्मटपणा नव्हता. आईपासून काही लपवायचं नाही असं वाटून खरं सांगावं, तसं तिनं सांगितलं. ओजसनं विचारलं, काय झालं?

मालविकानं घर सोडलं नाही. तिनं दुसरं काही केलं. पुढच्या आठवड्यात दियाच्या शाळेत एल्टर्नआबेंड होता, पालकांना शिक्षकांनी बोलावलेलं. मालविका म्हणाली, बाबांना घेऊन जा. दियाचा पियानोचा कार्यक्रम झाला, तेव्हाही तेच. ड्रेस्डेनच्या मराठी मंडळाचा गणपती आला, आरतीला तिघं गेले. शशिधरच्या कंपनीतलं जेवण, दियाच्या मैत्रिणीच्या आईवडिलांकडचा चहा, शाळेतला नाताळचा बाजार, कुठंच ती दिसली नाही. कारण कधी बोलली नाही. घरातलं सगळं वेळेवर व्हायचं, डबे, कपडे, तापात कपाळावर पट्ट्या. पण उंबऱ्याबाहेर त्या दोघांबरोबर पाऊल नाही. ओजसला मात्र ती सगळीकडे न्यायची, पोहायला, सायकलवर, त्याच्या फुटबॉलच्या सामन्यांना. दिया ते बघायची.

पहिल्या वर्षी दिया पुन्हा पुन्हा विचारायची. एकदा तर ती मराठीत म्हणाली, शब्द जुळवत जुळवत, “आई, तू ये ना. मला पाहिजे तू.” बक्षीस समारंभ होता, तिला गणितात काहीतरी मिळालं होतं. मालविका इस्त्री करत होती. ती मोडकी मराठी ऐकून तिनं इस्त्री उभी ठेवली. तरी ती म्हणाली, “शाळेत सगळे बघतील.” दियाचं तोंड पांढरं पडलं. ती आपल्या खोलीत गेली आणि दार हळूच लावलं. मालविकाला त्या क्षणी बरं वाटलं. किती बरं वाटलं याची तिला नंतर भीती वाटली, पण दारावर जाऊन टकटक करावी असं काही तिनं केलं नाही.

पालास चालली नाही. गाडी जर्मनीतल्या पार्किंगच्या इमारतींत वळायची नाही, किंमत ऐकून लोक मागं सरायचे, आणि ज्यांना परवडायची त्यांना ब्राउनेक म्हटलं की पाववाल्याची गाडी आठवायची. नऊआसनी मॉडेल वर्षभरात बंद झालं. मग सहाचं. वर्तमानपत्रांनी नातवाची यथेच्छ टवाळी केली. भिंतीवरचा फलक पावसानं सुटला. आधी नादीन लोंबायला लागली, मग दिया, आणि मग एका सकाळी तिथं गाद्यांची जाहिरात होती. शेवटी कंपनीनं पालासची सगळी मालिकाच गुंडाळली आणि ज्यांना निरोप दिला त्यांत हेर केतकर होते.

शशिधर घरी बसला. दाढी वाढवून तो खिडकीपाशी बसायचा. एकदा म्हणाला, “बोल ना काहीतरी. शिव्या तरी दे.” मालविका म्हणाली, “जेवण झाकून ठेवलंय.” सांगलीत मेघनाचं लग्न जमलं. सरलाताईंनी शशिधरला फोनवर सांगितलं, की मालविकाला यायला जमणार नाही असंच आपण पाहुण्यांना कळवलं आहे. ते शशिधरनं तिला सांगितलंही नाही. तिला ते पत्रिकेवरून कळलं, तिच्यात मामाकडच्या मंडळींत फक्त शशिधरचं नाव होतं, तिचं नव्हतं.

शेवटी त्याला दूर दक्षिण जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनला काम मिळालं, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका लहान कारखान्यात, आधीच्याहून खालच्या जागेवर. सगळ्यांनी जाऊ, असं त्यानं एकदाच सुचवलं. मालविका म्हणाली, मी इथंच राहणार, माझी नोकरी इथं आहे. हे तिनं केव्हापासून मनात ठरवून ठेवलं होतं. तो जाईल, मुलं आपल्याकडे राहतील, मग सावकाश, एखाद्या संध्याकाळी, आपण दियाच्या दारावर टकटक करू. पुरे झालं असं तिला अलीकडे वाटू लागलं होतं. शिक्षा कधी संपवायची हे आपल्या हातात आहे, अशा भ्रमात ती होती.

जेवताना दिया म्हणाली, मी बाबांबरोबर जाते.

ती आता सोळाची होती, बापाइतकी उंच. मालविकाला वाटलं, रागाच्या भरात बोलतेय. पण दियानं तिकडची शाळा बघून ठेवली होती, तिथल्या शिक्षिकेशी फोनवर बोलणंही झालं होतं. शशिधरनं हे घडवून आणलं नव्हतं. त्यालाही ते तेव्हाच कळलं, आणि त्याच्या तोंडावर जो आनंद पसरला तो लपवायला त्याला मान खाली घालावी लागली.

निघायच्या सकाळी मालविका दियाच्या खोलीत गेली. पुस्तकं खोक्यांत भरून झाली होती. गादीवरचा पलंगपोस दियानं घडी करून ठेवला होता, पाहुण्यानं निघताना ठेवावा तसा.

“मला शिक्षा करायला जातेयस का?” मालविकानं विचारलं.

दियानं विचार केला. “नाही,” ती जर्मनमध्ये म्हणाली. “तेव्हा मी तेरा वर्षांची होते. मी चुकले, ते मला केव्हाच कळलं. मी तुला किती वेळा बोलावलं. तू एकदाही आली नाहीस.”

“आता येईन.”

“आता मला नको आहे,” दिया म्हणाली, आणि खोकं उचलून जिन्याकडे गेली.

खाली शशिधर भाड्याची व्हॅन घेऊन उभा होता. ओजसनं ताईला मिठी मारली, बराच वेळ सोडली नाही. दियानं आईलाही जवळ घेतलं, नीट, दोन्ही हातांनी, आणि तिच्या गालावर, पांढऱ्या डागाच्या बाजूला, ओठ टेकवले. मग ती पुढच्या आसनावर बसली, पट्टा लावला आणि फोनमध्ये रस्ता बघू लागली. व्हॅन कोपऱ्यावर वळेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

मालविकाला दुपारची पाळी होती. ओजसला शेजाऱ्यांकडे सोडून ती वेळेवर पोचली, हात कोपरापर्यंत धुतले, पांढरा पोशाख चढवला, टोपी, मुखपट्टी. आत गेल्यावर नव्या लागलेल्या एका मुलीनं काहीतरी विचारलं. मालविकानं मशीन दाखवून, समजावून सांगितलं. त्या मुलीनं तिला कधी मुखपट्टीशिवाय पाहिलं नव्हतं. बोलता बोलता तिनं सहज विचारलं, तुम्हाला मुलं किती? मालविकानं मशीनचं झाकण लावलं. मग ती म्हणाली, मुलगा आहे एक, आणि पुढच्या मशीनकडे वळली.